नऊ नंबरची नावं

सुनंदावहिनी, सचिवसाहेब, प्राध्यापक मंडळी, आणि आजचा धंदा बंद ठेवून खाडीकाठच्या गावातून आलेल्या भोईरांच्या भावकीतल्या माणसांनो,

मला बोला म्हणून निरोप आला, तेव्हा मी आधी नाही म्हटलं. दुसऱ्यांदा आला, तेव्हाही नाही म्हटलं. तिसऱ्यांदा निरोप आला नाही, आणि मग मात्र मीच चौकशीला आले, की माझं नाव यादीतून का काढलं? असा माझा स्वभाव आहे. तुमच्यातले बरेच जण हसताय, म्हणजे तुम्हाला तो माहीत आहे. हसा. भोईरांच्या शोकसभेत माझ्या स्वभावाला हसलं तर त्यांना वाईट वाटणार नाही. बोलणं मात्र सोपं नाही. हा कागद आणलाय खरा, पण तो बघून वाचणार नाही.

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी नलिनी परांजपे. या कॉलेजच्या ऑफिसात मी हेडक्लार्क होते. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. माजी विद्यार्थी आणि देणगीदार यांची सगळी कार्डं माझ्या ताब्यात असत. लाकडी खण होते, बत्तीस. किल्ली माझ्या कमरेला. माझे यजमान म्हणायचे, तू दूधवाल्याचं माप उलटं करून बघतेस, उद्या देवाच्या आरतीत कापूर किती जळला तेही बघशील. बघितलं असतं, का नाही बघायचं?

तर मला शोकसभांचाही संशयच येतो. एखादा माणूस गेला की तो एकदम देव होतो. आत्ता माझ्या आधी चार जण बोलले. चौघांनीही सांगितलं की हरेश्वर भोईर म्हणजे या संस्थेचा कणा. बरोबर आहे. पण त्या चौघांतले दोघे त्या दिवशी कमिटीच्या टेबलाशी बसले होते. कुठल्या दिवशी, ते मी सांगते. तेवढ्यासाठीच मी उभी राहिले आहे. स्तुती करायला नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं, तेव्हा आपल्याकडे कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी वेगळी खोली, खोलीला पडदे, एसी. आम्हा सगळ्यांना घामाच्या धारा आणि त्याला थंडगार हवा. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. देवळात काढतो तशा. मी दारात उभी राहून म्हटलं होतं, नारळ कुठे फोडायचा तेवढं सांगा. आणि त्या खोलीत बसायला आले हरेश्वर भोईर. आपल्याच सायंकालीन वर्गातून बी.कॉम. झालेले. दिवसा कुठल्या तरी कारखान्याच्या ऑफिसात टाइपिंग करून शिकलेले. मग ठाण्याला जाऊन डेटाबेसचा कोर्स केलेला.

मी आज खरं बोलायचं ठरवलंय, म्हणून हेही बोलते. मला वाटलं, खाडीवरचा माणूस, हा काय यादी सांभाळणार? मनात वाटलं नुसतं. पण वाटलं. त्यांच्या गावची मंडळी समोर बसली आहेत, त्यांच्यासमोरच सांगायला हवं.

माझी कार्डं त्यांनी मागितली. मी एकेक खण मोजून दिला, सही घेऊन. दर संध्याकाळी मोजून परत घेतला. पाच महिने हा माणूस माझ्यासमोर रोज सही करत होता. एकदाही म्हणाला नाही की बाई, पुरे. उलट एक दिवस दोन कार्डं घेऊन आला. म्हणाला, "बाई, ही कुमारी शैला पेंडसे आणि ह्या सौ. अनुराधा लिमये, दोन्ही एकच हायत."

मी म्हटलं, "कशावरून?"

"लग्नात नाव बदललं. आपण एकाच बाईंना दोन पत्रं पाठवतो. एक माहेरी, एक सासरी. माहेरचं पत्र त्यांचे वडील रिक्षा करून नेऊन देतात."

हे त्यांना कसं कळलं? परत आलेल्या पाकिटांवरून; एकावर त्या वडिलांनीच कंटाळून तसं लिहिलं होतं. टपाल परत आलं की मी ते सुतळीनं बांधून माळ्यावर टाकत असे. भोईरांनी ते गठ्ठे खाली काढले. एकेक पाकीट उलटून, त्यावर पोस्टमननं काय लिहिलंय ते वाचून, कोणी घर बदललं, कोण कल्याणला गेलं, कोण शीळफाट्याच्या पुढे राहायला गेलं, सगळं मशीनमध्ये घातलं. एका घरात तीन माजी विद्यार्थी असतील तर तीन पाकिटं जायची, ती एकत्र केली. ज्यांनी देणगी दिली त्यांना आभाराचं पत्र आठ दिवसांत जायला लागलं. पूर्वी ते मी लिहायची. सवडीनं. एकदा एका गृहस्थांना त्यांच्या देणगीचे आभार त्यांच्या पुढच्या देणगीनंतर पोचले होते.

सगळ्यांनी भोईरांचं कौतुक केलं. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. एवढं करतो कशासाठी हा माणूस?

आता नऊ नंबराची गोष्ट.

मशीनमध्ये प्रत्येक नावापुढे एक आकडा असे. एक म्हणजे माजी विद्यार्थी. दोन म्हणजे पालक. तीन म्हणजे निवृत्त प्राध्यापक. चार म्हणजे गावातले हितचिंतक. पाच म्हणजे कंपन्या. हा तक्ता मशीनच्या खोलीच्या भिंतीवर चिकटवलेला होता. पाचाला तक्ता संपत होता. आणि दिवाळीच्या आधी देणगीचं आवाहन निघायचं, तेव्हा मी पत्त्यांच्या चिकटपट्ट्या मोजल्या.

हो, मोजल्या. मला कोणी सांगितलं नव्हतं. तो छपाईयंत्राचा करकर आवाज थांबला, की मी चपला काढून आत जायची आणि मोजायची. यादीत जेवढी नावं, तेवढ्या पट्ट्या हव्यात की नकोत? नव्हत्या. कमी होत्या. मी पूर्ण यादी छापून मागितली. भोळेपणाचा आव आणून मागितली. घरी नेली, जेवणाच्या टेबलावर पसरली आणि पट्टी ठेवून वाचली. काही नावांपुढे नऊ होता. आणि नऊवाली जेवढी नावं, तेवढ्याच पट्ट्या कमी!

तक्त्यात नऊ नाही. ऑफिसात कोणाला नऊ माहीत नाही. मग नऊ म्हणजे काय?

तुम्ही काय केलं असतंत? सरळ जाऊन विचारलं असतंत, होय ना? मी नाही विचारलं. विचारलं तर तो सावध होईल. मी पाळत ठेवली.

शनिवारी ऑफिस अर्धा दिवस असे. शनिवारी भोईर एक छोटा कागद शबनममध्ये टाकून निघत. गावाकडे न जाता उलट दिशेला. एका शनिवारी मी त्यांच्या मागे गेले. चांगली पोक्त बाई, खांद्याला पर्स, हातात छत्री, आणि डोंबिवलीहून ठाकुर्लीपर्यंत माणसामागे माणूस. ते एका चाळीत शिरले. मी समोरच्या वाण्याकडे उभी राहून उगीच साबुदाण्याचा भाव विचारत होते. तासाभरानं ते खाली आले. एक वयस्क गृहस्थ त्यांना जिन्यापर्यंत सोडायला आले होते. दोघांनी एकमेकांचे हात धरले होते. बराच वेळ. बोलत काहीच नव्हते.

मी ते बघितलं आणि मनात म्हटलं, ठरलं यांचं काहीतरी!

वाण्याला विचारलं, हे गृहस्थ कोण? म्हणाला, सावंत, रेल्वेतून रिटायर झालेले. घरी आले, यादी उघडली. विजय सावंत, ठाकुर्ली, माजी विद्यार्थी. आणि पुढे नऊ.

मंडळी, मला इतका आनंद झाला, की आज सांगताना लाज वाटते. चोर सापडल्याचा आनंद. मी मनाशी अख्खी गोष्ट रचली. भोईर आपले चांगले चांगले देणगीदार निवडतात, त्यांची पत्रं थांबवतात, आणि घरोघर जाऊन त्यांना दुसऱ्या कुठल्या तरी संस्थेकडे वळवतात. कुठली संस्था? ते मला माहीत नव्हतं. पण असणारच. मी लेखी तक्रार केली. चार पानं.

कमिटी बसली. भोईरांना बोलावलं. उभंच ठेवलं. त्या वेळचे सचिव होते, आजचे साहेब नव्हेत. त्यांनी विचारलं, "नऊ म्हणजे काय?"

भोईर म्हणाले, "साहेब, नऊ म्हणजे या वर्षी मागायचं नाय."

"कोणाकडे?"

"ज्या घरात माणूस गेलंय त्या घरात. त्या घरी यंदा दिवाळी नाय. कंदील नाय, फराळ नाय. तिकडे आपलं पत्र जाणार, की आपल्या दिवाळीत आम्हाला सामील करा. बरं दिसत नाय, साहेब."

मग ते आपणहून म्हणाले, "आमच्या गावात कोणी गेलं की त्या दिवशी होडी पाण्यात घालत नाय. मासळी कितीपण असू दे. हितं एक दिवस नाय, वर्ष धरलंय. वर्ष झालं की मी जाऊन विचारतो, पत्र चालेल काय? चालेल म्हणाले की नऊ काढतो. माणूस गेलं म्हणून घर यादीतून खोडत नाय. नुसता थांबतो."

सचिवांनी विचारलं, "हे कोणाच्या परवानगीनं?"

"परवानगी नाय घेतली. घ्यायला पायजे होती."

"मृत्यूचे दाखले आहेत?"

"दाखले कसे मागणार, साहेब? मी भेटायला जातो."

आणि तेव्हा मी बोलले. मला कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "साहेब, असं कोणी करतं का? अर्ध्या दिवसाची सुटी घालवून, पदरचं रिक्षाभाडं घालून, परक्यांच्या घरी दुखवट्याला कोणी जातं का? असं कोणी करतं का?"

दोनदा म्हटलं. कमिटीतले काही जण हसले. ते हसू मला आवडलं.

निर्णय झाला. सगळे नऊ काढायचे. सगळ्या पट्ट्या छापायच्या. आणि छापताना परांजपेबाईंनी शेजारी उभं राहायचं. मी उभी राहिले. चपला काढून, त्या थंड खोलीत, पदर घट्ट लपेटून. भोईर एकेक नाव काढत, नऊ पुसत, एक लिहीत. मी यादीवर टिक करत होते. अर्ध्या वाटेवर त्यांचा हात थांबला.

म्हणाले, "बाई, एक नाव राहू द्या. एकच. ठाकुर्लीचं."

विचार करा. जगातली सगळी नावं सोडून यांनी मागितलं ते नेमकं ठाकुर्लीचं! जे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. माझ्या संशयावर शिक्काच बसला.

मी म्हटलं, "एकही नाही."

त्यांनी नऊ पुसला. एक लिहिला. पुढचं नाव काढलं.

पत्रं गेली. त्या वर्षीच्या पत्राचा सगळ्यांना फार अभिमान होता. कारण मशीन आता प्रत्येकाचं नाव घालून पत्र लिहायचं. पूर्वी आपलं 'माननीय महोदय'. आता 'प्रिय विजय', 'प्रिय अनुराधा'. मजकूर आपल्या मराठी विभागानं लिहिला होता. शेवटचं वाक्य होतं, "या दिवाळीत आम्हाला तुझी आठवण आहे, तुलाही आमची असू दे." वाचून सगळे म्हणाले, वा!

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी एक गृहस्थ ऑफिसात आले. मी ओळखलं. जिन्यावरचे. हातात आपलं पाकीट, व्यवस्थित कात्रीनं उघडलेलं. त्यांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि फार सभ्यपणे विचारलं, "बाई, यात लिहिलंय की तुम्हाला विजयची आठवण आहे. कोणाला आहे? ज्याला असेल त्याला मला भेटायचं होतं."

मी पाकीट उलटसुलट करून बघितलं.

ते म्हणाले, "आषाढात गेला. कावीळ झाली होती. पहिल्या पगारातून त्यानं इथे देणगी दिली होती, मला न विचारता. मी रागावलो होतो. म्हटलं, ज्यांना त्याची आठवण आहे त्यांच्याशी जरा बोलावं."

मंडळी, ते वाक्य कोणीच लिहिलेलं नव्हतं. म्हणजे लिहिलं होतं, पण विजयला नव्हतं लिहिलं. मशीननं नाव घातलं होतं. सबंध ऑफिसात एकालाही विजय सावंत आठवत नव्हता. मला त्याचं कार्ड आठवत होतं. वरचा कोपरा दुमडलेला. त्याचा चेहरा नाही.

आणि मशीनच्या खोलीतून भोईर बाहेर आले. अनवाणीच आले. सावंतांनी त्यांना बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, "अरे, तू तर घरी येऊन गेलास. तासभर बसलास. तुला ठाऊक होतं ना? मग तू पण असं करावंस?"

भोईर माझ्यापासून चार हातांवर उभे होते. नुसती मान वळवली असती तरी पुरलं असतं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. खाली बघून म्हणाले, "चुकलं, काका."

एवढंच. चुकलं, काका.

मग ते त्यांना आत घेऊन गेले. आणि विजय सावंत त्यांना खरोखरच आठवत होता. सायंकालीन वर्गात दोन वर्षं मागे होता. परीक्षेच्या दिवसांत लाइट गेली की खणखणीत आवाजात पाढे म्हणून वर्गाला हसवायचा. दाराबाहेर त्या दोघांच्या चपला होत्या आणि आतून कोणीतरी हसल्याचा आवाज आला. रडण्याचा आवाज येईल असं मला वाटलं होतं. हसण्याचा आला.

मी माझ्या टेबलाशी बसून राहिले. मी उठून आत जायला हवं होतं की नाही? म्हणायला हवं होतं की नाही, की यांचं नाही, माझं चुकलं? दहा पावलांचं अंतर होतं. मी पावत्यांवर शिक्के मारत बसले.

नंतर मी काय केलं ते सांगते, पण त्यानं माझी सुटका होत नाही. मी कमिटीला पत्र लिहिलं, अर्ध्या पानाचं, की नऊ नंबर आवश्यक आहे. तक्त्यावर पाचाच्या खाली मी माझ्या अक्षरात लिहिलं, 'नऊ : या वर्षी मागू नये. भेटून यावे.' तो तक्ता अजून तिथे आहे, जाऊन बघा. त्यानंतर मी स्वतः गावातल्या बातम्या भोईरांना देऊ लागले, कोणाकडे काय झालं, कोण आजारी आहे. संशयी माणसाला सगळ्यांच्या घरचं माहीत असतं, तेवढा उपयोग झाला. पण भोईरांना मी 'चुकले' म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हणू म्हटलं. मग दिवाळीची सुटी लागली. मग वर्ष गेलं. मग वाटलं, आता काय उकरून काढायचं? आणि खरं सांगू? कधी कधी मनात यायचं, की हा माणूस मला काहीच बोलत नाही, म्हणजे याच्या मनात नक्की काहीतरी असणार. बघा, म्हणजे मीच अपराध करायचा आणि मीच त्यांचा संशय घ्यायचा!

मी निवृत्त झाले. त्याच्या पुढच्या वर्षी माझे यजमान गेले. दिवाळी जवळ आली आणि कॉलेजचं पत्र आलं नाही. सगळ्या बिल्डिंगमध्ये दोन घरी आलं, मला नाही. मी काय समजले असेन? निवृत्त झाले आणि लगेच नाव खोडलं! भोईरांनी इतक्या वर्षांचा दावा साधला! मी इथे यायला पायात चपला घातल्या, दार उघडलं, आणि दारात भोईर उभे. हातात स्टीलचा डबा. वहिनी, तुम्ही केलेल्या करंज्या होत्या त्यात.

मी तिथेच म्हटलं, "माझं नाव काढलंत?"

म्हणाले, "नाय बाई. नऊ केलंय."

मला कळायला क्षण लागला. मी! ज्या बाईनं तक्त्यावर स्वतःच्या हातानं नऊ लिहिला, तिला स्वतःच्या दारात ते कळलं नाही. ते आत आले. बसले. मी चहा टाकायला उठले तर म्हणाले, "नको, बाई. बसा." तासभर बसले. यजमानांच्या खुर्चीवर नाही, स्टुलावर. काही बोलले नाहीत. मला वाटलं, आता म्हणावं. आता घरात दोघंच आहोत. ओठांपर्यंत आलं होतं. मी म्हटलं, "करंज्यांत वेलची जास्त झालीय."

ते हसले. म्हणाले, "सांगतो तिला."

ते शेवटचं नीट बोलणं आमचं.

भोईरांना जाऊन आज बारा दिवस झाले. छातीत कळ आली आणि संपलं. परवा मी इथे आले, सभा किती वाजता ते विचारायला. मशीनच्या खोलीत तांबेबाई आता काम बघतात, त्या पट्ट्या छापत होत्या. दिवाळी आलीये ना तोंडावर. जुनी खोड. मी चपला काढल्या, आत गेले आणि मोजायला लागले. मोजता मोजता पट्टी हाताला लागली. श्री. हरेश्वर भोईर, माजी विद्यार्थी. खाली गावचा पत्ता.

छापून तयार होती. पत्रही तयार होतं शेजारी. 'प्रिय हरेश्वर. या दिवाळीत आम्हाला तुझी आठवण आहे.'

तांबेबाईंचा दोष नाही. मशीनचाही नाही. मशीनला कोणीतरी सांगावं लागतं, आणि ते सांगणारा माणूसच गेला होता. आजवर इतक्या घरांपुढे त्यांनी नऊ लिहिला. त्यांच्या घरापुढे तो लिहायचं कोणाला सुचलं नाही. इतक्या दिवसांत कोणालाच नाही. मलाही नाही, पट्टी हाताला लागेपर्यंत.

मी तांबेबाईंना म्हटलं, उठा जरा. त्या म्हणाल्या, बाई, कोणी सांगितलंय का बदलायला? मी म्हटलं, हो, मी सांगतेय. जन्मात पहिल्यांदा मी त्या मशीनपुढे बसले. त्यांनी नाव काढून दिलं. एक पुसला आणि एका बोटानं नऊ दाबला. साधं बटण आहे हो. काही जोर लागत नाही.

सुनंदावहिनी, तुमच्याकडे यंदा पत्र येणार नाही. मी येईन. तुमच्याइतक्या चांगल्या करंज्या मला येत नाहीत.

आणि सावंतकाका. तुम्ही तिसऱ्या रांगेत बसला आहात, मी मघाशीच बघितलं. रोज दुपारी तुम्ही आपल्या वाचनालयात पेपर वाचायला येता, आणि रोज भोईर तुमच्याबरोबर चहा घ्यायचे. इतक्या वर्षांत त्यांनी तुम्हाला सांगितलं नसणार, मला खात्री आहे. काका, ते पत्र त्यांनी पाठवलं नव्हतं. त्यांनी विजयचं नाव राहू द्या म्हणून माझ्याकडे मागितलं होतं. मी म्हटलं होतं, एकही नाही. ते पत्र मी पाठवलं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी तिथेच होते आणि मी गप्प बसले.

चुकलं, काका.

भोईर, तुम्हालाही तेच. उशिरा, पण चार माणसांसमोर. आणि त्या दिवशी मी कमिटीत विचारलं होतं ना, असं कोणी करतं का? करतं. एक जण करत होता. आता आपल्यातल्या कोणीतरी करायला हवं. कोण करणार, ते मी डोळ्यांत तेल घालून बघणार आहे.

मंडळी, आज या सभागृहातल्या प्रत्येकाच्या नावापुढे नऊ आहे. आज कोणी कोणाकडे काही मागायचं नाही. उभे राहू या. भोईर लोकांच्या घरी जाऊन बसायचे, तसे, काही न बोलता, दोन मिनिटं त्यांच्यासाठी थांबू या.